कुलाब्यातील एक क्षीण खूण: अतिसंवाहकतेच्या इतिहासातले मुंबईचे पान

१/
वराळ्याच्या शेजारी, तळेगाव दाभाडे येथे, १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा मागून जमवलेला निधी आणि ईश्वरदास वार्ष्णेय यांचे काचतंत्राचे ज्ञान यांतून स्वदेशीचा हा प्रयोग साकारला. त्याच वर्षी, १० जुलै १९०८ रोजी, नेदरलँड्समधील लायडन येथे हेलियम वायू प्रथमच द्रवरूप झाला. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. तरीही दोन्हीकडे काच फुंकणारे कुशल हात होते, आणि दोन्हीकडच्या त्या हातांची नावे इतिहासात फारशी उरली नाहीत. आजच्या धाग्याचा विषय लायडनपासून निघून मुंबईच्या कुलाब्यापर्यंत येतो: धातूंतील अतिसंवाहकता आणि तिच्या कारणाचा शोध.

२/
आधी संज्ञा. तारेतून वीज वाहते तेव्हा इलेक्ट्रॉन अणूंच्या जाळ्यात अडखळतात, ऊर्जा गमावतात आणि तार तापते. या अडथळ्याला विद्युतरोध म्हणतात. काही पदार्थ विशिष्ट तापमानाखाली नेले की हा रोध पूर्णतः नाहीसा होतो. त्या अवस्थेला अतिसंवाहकता आणि त्या तापमानाला संक्रमण तापमान असे नाव आहे. बहुतेक एमआरआय यंत्रांतील प्रचंड चुंबक निओबियम आणि टायटेनियम यांच्या अतिसंवाहक तारेचे असतात व द्रव हेलियमच्या साहाय्याने थंड ठेवले जातात. हा विषय प्रयोगशाळेपुरता उरलेला नाही, तो रुग्णालयापर्यंत पोहोचला आहे.

३/
लायडनच्या त्या प्रयोगशाळेचे प्रमुख हाइके कामरलिंग ओन्नेस. त्यांच्या यशामागे एक शिस्तबद्ध कारखानाच होता. १९०१ साली त्यांनी उपकरणे घडवणाऱ्या तरुणांसाठी शाळा सुरू केली. निळे अंगरखे घातलेली ही मुले काच फुंकणे, धातूकाम, जोडकाम शिकत. दुहेरी भिंतीच्या, निर्वात काचपात्रांवाचून द्रव हेलियम टिकला नसता. शून्याखाली २६९ अंश सेल्सिअस, म्हणजे ४.२ केल्विन, हा त्याचा उत्कलनबिंदू. (केल्विन मापनात शून्य म्हणजे निसर्गातील थंडीची अखेरची मर्यादा. येथून पुढे हेच माप वापरू.)

४/
८ एप्रिल १९११. काचेच्या अतिसूक्ष्म नळ्यांत गोठवलेल्या पाऱ्याचा रोध मोजला जात होता. पारा निवडण्याचे कारण साधे: ऊर्ध्वपातन करून तो अतिशुद्ध करता येतो. सुमारे ४.२ केल्विनच्या आसपास रोध एकाएकी मोजण्यापलीकडे घसरला. ओन्नेस यांच्या पेन्सिलीने लिहिलेल्या टिपणवहीत या दिवसाची नोंद आहे. डिर्क व्हान डेल्फ्ट आणि पीटर केस या अभ्यासकांनी ती कष्टपूर्वक वाचून २०१० मध्ये त्या दिवसाचा क्रम मांडला. शतकभर सांगोवांगी चालत आलेल्या शोधकथेला मूळ दप्तराचा आधार अशा रीतीने मिळाला.

५/
त्या दिवशी रोध मोजण्याचे काम खिलेस होल्स्ट करत होते आणि शीतयंत्रणा खेरिट फ्लिम सांभाळत होते. शोधनिबंधावर मात्र एकट्या ओन्नेस यांचे नाव आले. तो त्या काळचा रिवाज होता. म्हणून त्याकडे आजच्या नजरेने केवळ अन्याय म्हणून पाहणे अपुरे ठरेल. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने ही गोष्ट टिपून ठेवावी, कारण धाग्याच्या शेवटी तिच्याकडे परतायचे आहे.

६/
शोध लागला, परंतु कारण कळेना. पुढची शेहेचाळीस वर्षे सिद्धान्ताच्या अपयशाची आहेत. आइन्स्टाइन यांनी १९२२ मध्ये या प्रश्नावर लिहिले, पण त्यांनाही उत्तर सापडले नाही. १९३३ मध्ये माइसनर व ऑक्सेनफेल्ड यांनी दाखवले की अतिसंवाहक आपल्या अंतरंगातून चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो. म्हणजे ही केवळ ‘रोध संपलेली तार’ नव्हती, पदार्थाची ती एक वेगळीच अवस्था होती. १९३५ मध्ये लंडन बंधूंनी तिचे वर्णन करणारी समीकरणे दिली. वर्णन मिळाले, कारणाची वाट पाहणे चालूच राहिले.

७/
पहिला ठोस दुवा १९५० मध्ये मिळाला. एकाच मूलद्रव्याचे जड आणि हलके समस्थानिक घेतले असता संक्रमण तापमान बदलते, असे पाऱ्यावरील प्रयोगांत आढळले. समस्थानिकांत इलेक्ट्रॉनांची संख्या तीच असते, बदलते ते अणुकेंद्राचे वजन. म्हणजे ज्या अणूंच्या जाळ्याला आपण अडथळा समजत होतो, तेच जाळे अतिसंवाहकतेस कारणीभूत होते. आरोपीच साक्षीदार निघावा, असा हा प्रकार.

८/
१९५७ मध्ये जॉन बार्डीन, लिऑन कूपर आणि रॉबर्ट श्रीफर यांनी संपूर्ण सिद्धान्त मांडला. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तो बीसीएस म्हणून ओळखला जातो. त्याचा गाभा मावळातल्या भातखाचराच्या उदाहरणाने सांगता येईल. चिखलातून माणूस चालून गेला की पावलाचा खळगा क्षणभर तसाच राहतो आणि आजूबाजूचे पाणी तिकडे ओढले जाते. इलेक्ट्रॉन धातूतून जाताना धनभारित अणूंना असाच किंचित स्वतःकडे खेचतो. अणू जड, म्हणून सावकाश मूळ जागी परततात. इलेक्ट्रॉन दूर गेला तरी मागे धनभाराचा ‘खळगा’ राहतो आणि दुसरा इलेक्ट्रॉन त्याकडे आकर्षित होतो.

९/
एरवी परस्परांना दूर लोटणारे दोन इलेक्ट्रॉन अशा रीतीने जोडीने बांधले जातात. या कूपर जोड्या सुट्या सुट्या फिरत नाहीत. इंद्रायणीकाठच्या वाचकांना देहूच्या पालखी सोहळ्यातील दिंडीची पावली आठवावी: शेकडो पावले एका लयीत पडतात, आणि एकट्याने त्या लयीबाहेर पडणे अवघड होते. कूपर जोड्याही एकाच सामूहिक अवस्थेत गुंफल्या जातात. एखाद्या जोडीला अडखळवायचे तर ती तोडण्याइतकी ऊर्जा लागते, आणि अतिथंड तापमानात तेवढी ऊर्जा जाळ्याकडे नसते. म्हणून रोध शून्य. उपमेची मर्यादा अशी की वारकरी स्वेच्छेने चालतो, इलेक्ट्रॉन पुंजयामिकीच्या नियमांनी. या सिद्धान्ताला १९७२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

१०/
मग प्रश्न सुटला का? ‘का’ याचे उत्तर मिळाले. ‘कोणत्या संयुगात, किती तापमानाला’ हे सांगणे मात्र फार कठीण राहिले. कारण गणितात आहे. सिद्धान्तानुसार संक्रमण तापमान तीन गोष्टींवर ठरते: अणूंची कंपने किती वेगवान, जोडी बांधण्यास उपलब्ध इलेक्ट्रॉन-अवस्थांची दाटी किती, आणि इलेक्ट्रॉन व कंपने यांचे बंधन किती घट्ट. शेवटच्या दोहोंचा गुणाकार घातांकात बसतो. कंपनांचे माप ३०० केल्विन धरा. गुणाकार ०.२५ असेल तर उत्तर सुमारे ६ केल्विन येते, ०.३० असेल तर सुमारे १२ केल्विन. आकड्यात पाच शतांशांचा फरक, आणि उत्तर दुप्पट!

११/
या अनिश्चिततेमुळे नवे अतिसंवाहक शोधण्याचे काम बराच काळ अनुभवी हातांकडे राहिले. बर्न्ड माथियास हे त्यांतले अग्रणी. सिद्धान्तापेक्षा आवर्तसारणीवर त्यांचा भरवसा. प्रत्येक अणूमागे संयुजा इलेक्ट्रॉन किती, यावरून ते अंदाज बांधत. १९५४ मध्ये निओबियम व कथील यांच्या संयुगात १८ केल्विन गाठले गेले. १९७३ मध्ये निओबियम व जर्मेनियम यांच्या संयुगाने सुमारे २३ केल्विनपर्यंत मजल मारली. या परंपरेत एक संकेत रूढ झाला होता: लोह, कोबाल्ट, निकेल या चुंबकीय धातूंपासून दूर राहा.

१२/
या संकेताला सैद्धान्तिक आधारही होता. कूपर जोडीतील दोन इलेक्ट्रॉनांचे फिरकीचे रोख परस्परविरुद्ध असतात. चुंबकीय अणू दोघांनाही एकाच दिशेला वळवू पाहतो, परिणामी जोडी तुटते. अब्रिकोसोव्ह व गोर्कोव्ह यांनी हे गणिताने दाखवले होते: योग्य पदार्थात चुंबकीय अशुद्धी अगदी थोडी मिसळली, तरी अतिसंवाहकता नष्ट होऊ शकते. त्यामुळे ‘निकेलचे संयुग’ आणि ‘चांगला अतिसंवाहक’ हे शब्द एका वाक्यात क्वचितच येत.

१३/
आता भारताकडे वळू. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत के. एस. कृष्णन यांच्या काळात, १९५२ मध्ये, द्रव हेलियमची सोय झाली. याच प्रयोगशाळेत पुढे एका मराठी संशोधकाने अतिसंवाहक पदार्थांच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले. ते अनंत विष्णू नारळीकर, खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांचे धाकटे बंधू. उच्च तापमान अतिसंवाहकांवरील प्रदीर्घ ग्रंथमालेचे त्यांनी संपादन केले. थोरल्या भावाचे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले, धाकट्याचे काम मात्र आपल्या वाचकांना अल्पपरिचित राहिले.

१४/
मुंबईत होमी भाभा यांनी १९४५ मध्ये स्थापलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या, म्हणजे टीआयएफआरच्या, कुलाब्यातील वास्तूचे उद्घाटन १९६२ मध्ये नेहरूंच्या हस्ते झाले. येथील घनस्थिती भौतिकीच्या गटांत दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या धातुसंयुगांचा आणि त्यांच्या चुंबकत्वाचा दीर्घ अभ्यास चालू होता. ही परंपरा महत्त्वाची, कारण पुढचा शोध अतिसंवाहकतेच्या शर्यतीतून आलेला नाही. चुंबकत्वाच्या शांत, क्रमबद्ध कामातून तो उगवला.

१५/
काळाची पार्श्वभूमी पाहा. १९८६ मध्ये बेडनॉर्झ व म्युलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडांत अतिसंवाहकता दाखवली. वर्षभरात संक्रमण तापमान द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनवर गेले आणि १९८७ मध्येच त्या दोघांना नोबेल मिळाले. जगभरच्या प्रयोगशाळा त्या ऑक्साइडांकडे धावल्या. शुद्ध धातुसंयुगांची कहाणी २३ केल्विनवर संपली, असा समज दृढ होत गेला. अशा वेळी १९९३ मध्ये कुलाब्यात यट्रियम, निकेल व बोरॉन यांच्या एका संयुगाचा नमुना थंड केला गेला.

१६/
सुमारे १२ केल्विनला त्या नमुन्याने अतिसंवाहकतेची क्षीण खूण दाखवली. क्षीण, कारण नमुन्याचा अगदी थोडा भागच अतिसंवाहक होत होता. असे झाले की सहसा ‘अशुद्धी असेल’ एवढे म्हणून पुढे जातात. या गटाने उलटे विचारले: अशुद्धी असेल तर ती कोणती? यट्रियम-निकेल-बोरॉन या घराण्यात १२ केल्विनला अतिसंवाहक होणारा पदार्थ कोणाच्याही यादीत नव्हता. म्हणजे त्या किरकोळ वाटणाऱ्या अंशात एक अज्ञात संयुग दडलेले होते. नमुन्यात कार्बन मिसळल्यावर ती खूण बळावली आणि अतिसंवाहकता संपूर्ण नमुन्यात पसरली. चौथा घटक सापडला.

१७/
१९९३ च्या पहिल्या शोधनिबंधात आद्य नाव चंदन मझुमदार या तरुण संशोधकाचे आहे. जानेवारी १९९४ च्या निर्णायक निबंधावर नऊ नावे: आर. नागराजन, चंदन मझुमदार, झाकिर हुसैन, एस. के. धर, के. व्ही. गोपालकृष्णन, एल. सी. गुप्ता, फ्रान्सचे सी. गोदार, आयआयटी मुंबईचे बी. डी. पडालिया आणि आर. विजयराघवन. त्याच महिन्यात अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट कावा व सहकाऱ्यांचे निबंध आले. यट्रियम, पॅलेडियम, बोरॉन, कार्बन यांच्या मिश्रणात त्यांनी २३ केल्विन गाठले, म्हणजे १९७३ च्या उच्चांकाची बरोबरी. निकेलच्या संयुगाची नेमकी स्फटिकरचनाही तेथेच उलगडली: एक दुर्मीळ मृदा अणू, दोन निकेल, दोन बोरॉन, एक कार्बन.

१८/
आता सिद्धान्ताची पाळी. निकेल असूनही हे कसे घडले? १९९४ मध्येच पिकेट व सिंग यांनी आणि स्वतंत्रपणे मॅटहाइस यांनी या संयुगातील इलेक्ट्रॉन-अवस्थांची गणिते केली. या संयुगात निकेलचे इलेक्ट्रॉन शेजाऱ्यांशी बंध करून सामायिक होतात, त्यामुळे निकेलचे चुंबकत्व उरतच नाही. स्फटिक थरांचा दिसतो, म्हणून तांब्याच्या ऑक्साइडांची आठवण होते, पण इलेक्ट्रॉन तिन्ही दिशांनी मोकळे फिरतात. जोडीस उपलब्ध अवस्थांची दाटी मोठी आहे, आणि हलक्या बोरॉनची वेगवान कंपने बंधनास हातभार लावतात. थोडक्यात, १९५७ चा सिद्धान्त येथेही लागू पडत होता. चुकला होता तो ‘निकेल टाळा’ हा संकेत.

१९/
गंमत पुढेच आहे. यट्रियमच्या जागी खरोखर चुंबकीय असलेले दुर्मीळ मृदा अणू बसवले, तरी अनेक संयुगे अतिसंवाहक राहतात. होल्मियमचे संयुग सुमारे ८ केल्विनला अतिसंवाहक होते, ५ केल्विनच्या आसपास चुंबकीय रचना बदलते तेव्हा ती अवस्था डळमळते आणि आणखी थंड केल्यावर पुन्हा सावरते. डिस्प्रोशियमच्या संयुगात तर चुंबकीय क्रम आधी, १० केल्विनच्या सुमारास, येतो आणि त्याच्या आत ६ केल्विनला अतिसंवाहकता जन्मते. परस्परांचे वैरी मानलेले दोघे एका छताखाली कसे नांदतात, हे अभ्यासण्याची जणू प्रयोगशाळाच या संयुगांच्या कुटुंबाने जगाला दिली.

२०/
पुढची दोन प्रकरणे हाच धडा गिरवतात. २००१ मध्ये जपानात अकिमित्सू यांच्या गटाने मॅग्नेशियम डायबोराइड ३९ केल्विनला अतिसंवाहक असल्याचे जाहीर केले. हे संयुग १९५० च्या दशकापासून ज्ञात होते. त्याचा हा गुण मात्र पन्नासेक वर्षे कोणाच्या ध्यानी आला नाही. दुसरे पुन्हा कुलाब्याचे. टीआयएफआरमधील ओम प्रकाश, अनिल कुमार, ए. थमिळवेल आणि एस. रामकृष्णन यांनी डिसेंबर २०१६ मध्ये दाखवले की अतिशुद्ध बिस्मथ ०.५३ मिलिकेल्विनला, म्हणजे एका केल्विनच्या सुमारे दोन-हजाराव्या भागाला, अतिसंवाहक होतो.

२१/
बिस्मथचा पेच खोल आहे. त्यात सुमारे एक लाख अणूंमागे एकच मोकळा इलेक्ट्रॉन असतो. शिवाय बीसीएस सिद्धान्त धरून चालतो की इलेक्ट्रॉन चपळ आणि अणूंचे जाळे मंद, म्हणूनच तो ‘खळगा’ मागे उरतो. बिस्मथमध्ये दोहोंची ऊर्जा जवळपास एकाच पातळीची आहे. खळगा होतो तोवर चालणारा पुढे गेलेलाच नसतो, असे म्हणा. त्यामुळे नेहमीचे गणित येथे अपुरे पडते आणि सिद्धान्तकारांचे काम अजून चालू आहे. निकेलच्या संयुगाने एक संकेत मोडला, बिस्मथने सिद्धान्ताच्या पायातील गृहीतकालाच हात घातला.

२२/
या साऱ्यातून इतिहासाच्या विद्यार्थ्याने काय घ्यावे? पहिले, पुराव्याचा उरलेला अंश. मोडी दप्तर वाचताना कथनात न बसणारी एखादी नोंद आपण ‘लेखनदोष’ म्हणून सोडून देतो. १९९३ मध्ये तीच वाट कुलाब्यातही मोकळी होती, आणि ती कोणी धरली नाही. सिद्धान्ताने त्यांना कोठे शोधायचे हे सांगितले नव्हते. परंतु काय अपेक्षित नाही, हे सिद्धान्तामुळे आणि संकेतांमुळेच ठाऊक होते. म्हणून ती क्षीण खूण वेगळी दिसली. सिद्धान्त आणि निरीक्षण यांचे नाते असे दुहेरी असते.

२३/
दुसरे, नावांचा प्रश्न. १९११ च्या निबंधात होल्स्ट नाहीत. १९९४ च्या निबंधात नऊ नावे आहेत, त्यांत तरुण संशोधकही आहेत. ही प्रगती खरी. मात्र नाव छापले जाणे आणि नाव स्मरणात राहणे यांत अंतर असते. आपली शालेय पुस्तके ओन्नेसपर्यंत येतात. कुलाब्याचा हा शोध मात्र महाराष्ट्रातल्या किती विद्यार्थ्यांनी ऐकला असेल? बेल प्रयोगशाळेचे काम थोर होते, त्याचे श्रेय त्यांना आहेच. पण दार कोणी उघडले, हे सांगण्याची जबाबदारी दाराशी राहणाऱ्यांची आहे.

२४/
लायडनच्या पेन्सिलीतल्या वह्या जपल्या गेल्या, म्हणून शंभर वर्षांनी ८ एप्रिलचा दिवस तासागणिक वाचता आला. आपल्याकडच्या प्रयोगशाळांच्या वह्या, बिघडलेल्या नमुन्यांच्या नोंदी, हेलियम यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञांच्या आठवणी हे सारे उद्याचे ऐतिहासिक साधन आहे. १९९३ ला हजर असलेली पिढी आजही भेटू शकते. वाचकांपैकी कोणाच्या घरी, शेजारी असे निवृत्त तंत्रज्ञ वा संशोधक असतील, तर त्यांच्याजवळ बसा, विचारा, लिहून घ्या, तारखा नोंदवा. तळेगावच्या कारखान्यात काच फुंकणाऱ्या पहिल्या कारागिरांची नावे कोणी लिहून घेतली असती, तर आपला आणखी एक धागा सहज तयार झाला असता.

धागा समाप्त.